आधी जकात की आधी गुलाम?

प्रश्न : सर, आजोबा इंदूरच्या मिलमध्ये होते. अमेरिकेतल्या यादवीने आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं ते सांगत. ती लढाई जकातीवरून पेटली की गुलामगिरीवरून?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबांचं बरोबर. 1861 नंतर तिकडच्या गाठी अडल्या आणि इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले मुंबईकडे धावले.

जकातीचं, म्हणजे आयात मालावरच्या कराचं, मात्र तारखा लावून बघा. 1857 च्या कायद्याने जकात उलट उतरली होती. ती वाढली मार्च 1861 मध्ये. तोवर दक्षिणेतली सात राज्यं अमेरिकेच्या संघातून फुटलीसुद्धा! (मीही वर्षानुवर्षं फळ्यावर पहिलं कारण 'जकात' लिहीत आलो. चूक माझी.)

खरी मेख वेगळी. जवळजवळ 40 लाख माणसं गुलाम, आणि मळेवाल्यांचं भांडवल तेच. पश्चिमेच्या नव्या प्रांतांत गुलामगिरी शिरू दिली नाही, तर सिनेटमधलं (तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहातलं) त्यांचं वजन घटणार. नोव्हेंबर 1860 मध्ये या फैलावाला विरोध करणारे लिंकन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, तेही दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर नाव नसताना. डिसेंबरात साउथ कॅरोलायना बाहेर पडलं. मिसिसिपीने तर आपल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव घेतलंय, आडपडदा न ठेवता.