पाणी खरंच दूषित असतं तेव्हा

प्रिय मित्रा,

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले आणि ‘पाणी उकळून प्या’ अशा सूचना घरोघरी पोचल्या. अशा साथीत स्किझोफ्रेनिया असलेल्या घरांची पंचाईत निराळीच असते. ‘माझ्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय’ असं म्हणणाऱ्या शुभार्थीला (मनाचा आजार असलेल्या माणसाला) टीव्हीवरही आता पाण्याचंच ऐकू येतं. ‘हा तुझा नुसता संशय’ असं घरचे म्हणाले की तेच खोटे पडतात, आणि उरलासुरला विश्वासही जातो.

म्हणून जे खरं ते मान्य करायचं, आणि तेवढंच. ‘हो, पाण्यात जंतू आहेत. हेच पाणी सगळ्यांच्या नळाला येतं. तुझ्यासाठी म्हणून कुणी काही टाकलेलं नाही.’ रोज हीच वाक्यं, घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी. वाद घालायचा नाही. पाणी त्याच्यासमोर उकळायचं, खळखळ उकळी फुटल्यावर पुढे एक मिनिट. झाकण त्यालाच ठेवू दे, बाटली त्यालाच भरू दे. तरीही पाणी टाळलं, लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना कळव. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर लगेच, कारण अंगातलं पाणी घटलं की लिथियमची रक्तातली पातळी चढते आणि विषबाधा होऊ शकते.

मला याहून जास्त काळजी शरीराच्या तक्रारींची वाटते. ‘पायात बळ नाही, मुंग्या येतात’ असं शुभार्थी म्हणाला की ते सर्रास मनाच्या आजारावर ढकललं जातं. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनी अंग ताठरतं, चाल मंदावते, हे खरं. जीबीएसमध्ये मात्र पाय लुळे पडतात आणि अशक्तपणा बहुधा खालून वर चढतो. हात न टेकवता खुर्चीतून उठायला सांग. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर त्याच दिवशी ससून किंवा जवळचं मोठं रुग्णालय. गिळताना ठसका लागतोय, बोलताना धाप लागतेय, तर सकाळची वाट बघायची नाही.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्यांची नावं वेगळी लिहून ठेव. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. ताप आला, घसा धरला, की त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायचं. न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला 1500 च्या खाली दिसले तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना फोन. जुलाबावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं जातंय का, हे बघ. त्याने यकृतातलं क्लोझापिन मोडण्याचं काम मंदावतं, पातळी चढते. ग्लानी येते, झटकेही येऊ शकतात. रुग्णालयात भरती झाल्यावर बिडी-सिगारेट एकदम सुटली तरी तसंच होतं, आणि हे तिथल्या डॉक्टरांना कुणी सांगत नाही. तू सांग. जुलाब थांबवायची लोपरामाइड मेडिकलमधून परस्पर आणू नये. क्लोझापिनने आतडी आधीच सुस्तावलेली असतात. क्लोझापिन 48 तासांहून जास्त चुकलं असेल, तर जुना पूर्ण डोस घरच्यांनी देऊ नये. डॉक्टर पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवत नेतात.

हे सगळं निभावतं ते एका कागदावर: औषधांची मूळ नावं, डोस, वेळ, शेवटच्या डेपो इंजेक्शनची (काही आठवडे पुरणाऱ्या इंजेक्शनची) तारीख, डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू दे. पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी हव्यात. डॉक्टर भेटतच नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. इंजेक्शनची तारीख साथीत हुकेलसं वाटलं, तर ती उलटण्याआधीच डॉक्टरांना विचार.

तुझा,
एक जुना सहकारी