कॉलेजमध्ये २५-२८ च्या सरासरीने गुण काढणारा गार्ड एनबीएत चालेल का? ड्राफ्टच्या आधी कसं ओळखायचं?

प्रश्नात तुम्ही अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या ज्या गार्डचं (बाहेरून खेळणारा, तुलनेने बुटका खेळाडू) वर्णन केलंय तो चौथ्या वर्षाला आहे, उंची सहा फूट दोन इंच, थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा मार) लांबून मारतो आणि मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत त्याने संघाला एकट्याने पुढे नेलंय. तरी जाणकार त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, पहिल्या दहात का धरत नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

सरासरीवरून फारसं काही कळत नाही, म्हणून. चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला तर त्याला मैदानावर कशासाठी ठेवायचं, याचं उत्तर सापडतंय का ते बघा. सापडलं तर तो टिकेल.

क्रिकेटमधून आलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. रणजीतला सलामीवीर कसोटीत गेला तरी सलामीलाच येतो, फक्त गोलंदाजी चांगली असते. इथे कामच बदलतं. कॉलेजमध्ये ज्याच्याभोवती सगळा खेळ फिरायचा, तो एनबीएत बहुतेक वेळा चौथा-पाचवा पर्याय म्हणून कोपऱ्यात उभा राहतो. चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारे प्रत्येक संघात एक किंवा दोन. संघ तीस.

२०११ चा ड्राफ्ट यासाठी फार उपयोगी आहे. जिमर फ्रेडेट हा बीवायूचा (ब्रिगहम यंग विद्यापीठाचा) गार्ड, तुमच्या खेळाडूसारखाच सहा फूट दोन इंच, चौथ्या वर्षाचा. त्या मोसमात २८.९ ची सरासरी, देशात सगळ्यात जास्त. जानेवारीत सॅन दिएगो स्टेट २०-० अशी अपराजित होती, तिला बीवायूने ७१-५८ ने हरवलं आणि त्यातले ४३ गुण एकट्या फ्रेडेटचे. समोरच्या संघात कवाय लेनर्ड नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता, सरासरी १५ च्या आसपास, थ्री-पॉइंटची टक्केवारी २९. जूनमध्ये फ्रेडेट दहावा निवडला गेला आणि लेनर्ड पंधरावा. अकरावा क्ले थॉम्पसन. तिसावा जिमी बटलर. पुढे लेनर्ड दोनदा फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि फ्रेडेट तिसऱ्याच मोसमात सॅक्रामेंटो या आपल्या एनबीए संघातून मोकळा झाला.

याचं खापर सरसकट सॅक्रामेंटोवर फोडलं जातं. ते अगदीच खोटं नाही. त्या वर्षी लॉकआउट होता (करारावरून मालकांनी खेळ बंद ठेवला होता), नव्या खेळाडूंची समर लीग झाली नाही, मोसम ६६ सामन्यांचा झाला आणि सात सामन्यांतच प्रशिक्षक बदलला. शिवाय टायरीक इव्हान्स आणि मार्कस थॉर्नटन हे चेंडू हातात हवा असणारे दोघे आधीच संघात. पण त्याच संघाने त्याच ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर आयझेया थॉमसला घेतलं होतं. पाच फूट नऊ इंच उंचीचा गार्ड! पहिल्याच मोसमात तो सुरुवातीच्या पाचांत आला आणि फ्रेडेट बाकावर गेला. हाच थॉमस पुढे २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून २८.९ च्या सरासरीने खेळला. परिस्थिती दोघांना सारखीच होती, म्हणून ती सबब अर्धीच मानायची.

मग बिघडलं कुठे? नेमबाजीत तर नाहीच. दुसऱ्या मोसमात फ्रेडेटची थ्री-पॉइंटची टक्केवारी ४० च्या वर होती. अंतराचा बाऊ लोक उगाच करतात. तेव्हा कॉलेजची रेषा ६.३२ मीटरवर होती आणि एनबीएची ७.२४ वर. आता कॉलेजची ६.७५ झालीय, आणि एनबीएत कोपऱ्यात हे अंतर ६.७१ मीटरच असतं. म्हणजे दुय्यम भूमिकेतल्या खेळाडूला जिथे उभं करतात तिथून मारायला कॉलेजच्या नेमबाजाला काही अडचण नसते. अडचण येते ती मार मोकळा मिळवताना. कॉलेजमध्ये दोन ड्रिबल घेऊन जो मार सहज सुटायचा, त्यावर इथे त्याच्याहून चार-पाच इंच लांब हात येतात. थॉमसची पहिली पावलं इतकी झपाट्याची होती की उंची नसूनही तो पार व्हायचा. फ्रेडेटला ते जमेना, आणि चेंडू हातात नसताना तो जवळपास प्रेक्षकच असायचा.

दुसरं आणि जास्त महागात पडलेलं कारण म्हणजे डिफेन्स. एनबीएत बचावातला खेळाडू समोर कुणालाच धरून नसेल तर बास्केटखालच्या रंगीत चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. कॉलेजमध्ये हा नियम नाही. तिथे उंच सेंटर बास्केटखाली तळ ठोकून बसतो, झोन (माणसाऐवजी जागा धरणारा बचाव) बिनधास्त लावता येतो, आणि कच्चा गार्ड त्यामागे झाकला जातो. एनबीएत समोरचा संघ त्याला हुडकून काढतो: तो ज्याला धरून आहे त्यालाच आपल्या स्टारसाठी स्क्रीन लावायला (बचाव करणाऱ्याच्या वाटेत अंगाने आडवं उभं राहायला) पाठवायचं, स्विच (बचाव करणाऱ्यांची अदलाबदल) घडवून आणायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. चार वेळा गुण गेले की प्रशिक्षक त्याला बसवतो. त्याने दुसऱ्या टोकाला आठ गुण काढले असले तरी.

आता स्टेफ करी घ्या. तोही सहा-दोन, सहा-तीनचा, तोही मोठ्या कॉन्फरन्सबाहेरच्या (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेज संघांचा गट) कॉलेजचा, डेव्हिडसनचा. शेवटच्या वर्षी सरासरी २८.६. कागदावर फ्रेडेटच. पण डेव्हिडसनमध्ये पहिली दोन वर्षं खेळ चालवायचा जेसन रिचर्ड्स, आणि २००७-०८ मध्ये असिस्टमध्ये (ज्या पासवर लगेच गुण होतात तो पास) तो देशात पहिला होता. करी त्या काळात स्क्रीनमागून धावत, पकडला की मारला, असाच खेळायचा. तिसऱ्या वर्षी तो पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा झाला आणि सामन्याला ५.६ असिस्ट दिल्या. म्हणजे चेंडूविना काय करायचं आणि चेंडू घेऊन काय करायचं, दोन्ही ड्राफ्टच्या आधीच दिसलेलं होतं.

तुमच्या गार्डला जोखायचं तर मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांविरुद्धचे तीन सामने काढा. हायलाइट्स नकोत, पूर्ण सामने. आणि चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. पास दिल्यावर तो दोन सेकंदांत हलतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? त्याच्यावर स्क्रीन लागली की वरून घसटून बाहेर निघतो की अडकून पडतो? त्याच्या शेजारचा पार झाला तर मदतीला एक पाऊल आत टाकून परत आपल्या माणसाकडे वेळेत पोचतो का? एकेका सामन्यात अशा वीस-पंचवीस वेळा मोजल्या की चित्र स्पष्ट होतं. मग त्याचे रिमजवळचे (बास्केटच्या कडीजवळचे) प्रयत्न बघा. समोर खरोखर उंच सेंटर असताना किती पडले आणि किती अडवले गेले, एवढंच.

आकड्यांत थ्री-पॉइंटच्या टक्केवारीआधी फाऊलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोची टक्केवारी बघा. शंभरेक थ्री मारलेल्या मुलाची टक्केवारी नुसत्या नशिबाने पाचने वर-खाली होते. ३५ ची ४० किंवा ३० सहज दिसते. फ्री थ्रोमध्ये अंतर तेच, समोर कुणी नाही, त्यामुळे हाताची खरी ओळख तिथे पटते. ८५ च्या वर फ्री थ्रो आणि ३४ टक्के थ्री असलेला मुलगा मला ६८ फ्री थ्रो आणि ४१ टक्के थ्रीवाल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. लेनर्डचे फ्री थ्रो ७५ च्या आसपास होते, म्हणजे हात दिसतो तेवढा वाईट नव्हता. सॅन अँटोनियो या त्याच्या एनबीए संघात नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याची चेंडू सोडायची जागा बदलली आणि पहिल्याच मोसमात त्याने ३७ टक्क्यांच्या वर थ्री मारले. लांब हात आणि बचाव आधीपासून होताच.

वयाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ड्राफ्टच्या रात्री फ्रेडेट २२ पूर्ण होता आणि लेनर्डला वीस पूर्ण व्हायला सहा दिवस होते. अठरा-एकोणिसाच्या मुलांना बावीस-तेविसाचा माणूस अंगबळावर ढकलत असेल, तर ते गुण निम्मे धरा. २०२१ पासून कॉलेजमध्येच कायदेशीर कमाई सुरू झाल्यावर बरेच जण चौथं-पाचवं वर्षही तिथेच काढतात, त्यामुळे आता हा फरक आणखी नडतो. मात्र वयस्क सगळेच फसतात असं नाही. जे.जे. रेडिक ड्यूकमध्ये चार वर्षं राहिला, २००६ मध्ये अकरावा गेला, पहिली दोन वर्षं बाकावर घालवली, मग चेंडूविना धावणं आणि कामचलाऊ बचाव शिकून पंधरा मोसम खेळला. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा गेलेला ॲडम मॉरिसन, कॉलेजमध्ये २८.१ वाला, पहिल्या मोसमात एकूण नेमबाजीत ३८ टक्क्यांच्या आतच राहिला आणि मग गुडघा गेला.

कॉलेजने छापलेल्या उंचीवर विसंबू नका, ती बुटांसकट आणि वर थोडी उदार असते. मे महिन्यात शिकागोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) अनवाणी मोजलेली उंची आणि हातांचा पसारा घ्या. पसारा उंचीपेक्षा चार इंच जास्त असेल तर सहा-दोनचा गार्डही दोन जागांवर बचाव करू शकतो. उंचीच्या आसपासच असेल तर त्याला पायांनी भरून काढावं लागेल. जेलन ब्रन्सन तसं करतो. व्हिलानोवाचा देशातला सर्वोत्तम खेळाडू असूनही २०१८ मध्ये तो तेहतिसावा गेला, कारण ना उडी ना वेग. पण थांबण्या-वळण्याची त्याची पावलं कॉलेजपासूनच पक्की होती, आणि ती कुणाच्या उंचीवर अवलंबून नसतात.

सेंटरचा हिशेब वेगळा आहे, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की ऑस्कर शीब्वे २०२२ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू होता आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या अठ्ठावन्न जणांतही निवडला गेला नाही.

करार काय मिळतो हेही बघा. पहिल्या फेरीत (पहिल्या तीस जणांत) निवड झाली तर दोन वर्षांचे पैसे पक्के, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा हक्क संघाकडे. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. बऱ्याच जणांना टू-वे करार मिळतो, म्हणजे जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) आणि मुख्य संघ यांत ये-जा, मुख्य संघाकडून जास्तीत जास्त ५० सामने. तिथे शिकायला मिळतं, पण वाट पाहायला कुणाकडे वेळ नसतो. आणि 'व्यावसायिक' म्हणजे फक्त एनबीए असं तुम्ही धरलं नसेल, तर फ्रेडेट चांगलाच यशस्वी झाला. शांघायमध्ये तो मोठा स्टार होता, २०१८ मध्ये एका सामन्यात ७५ गुण काढले, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून थ्री-ऑन-थ्री खेळला. चीनच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूच्या हातात चेंडू देतात.

तुमच्या गार्डबद्दल माझं मत विचाराल, तर तीन सामन्यांत तो चेंडूविना हलताना दिसला आणि फ्री थ्रो ८५ च्या वर असले, तर पहिल्या फेरीच्या शेवटच्या दहांत घ्यायला हरकत नाही. पहिल्या दहात नको.