लक्ष्मणफळ जास्त पौष्टिक की सीताफळ? घरात सगळ्यांनी रोज खाल्लं तर चालतं का?

सीताफळ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि मी सासवडकडचा आहे म्हणून असं बोलतोय असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या एका दुकानात लक्ष्मणफळ ४८० रुपये किलोने घेतलं. दुकानदार म्हणाला, सीताफळ म्हणजे नुसती साखर, ह्याच्यात ताकद दहापट, रोज खा, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतंत तर मी या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो.

आकडे आधी सांगून टाकतो. १०० ग्रॅम गर धरला तर सीताफळात साधारण ९४ कॅलरी, २३-२४ ग्रॅम कर्बोदकं, ४.४ ग्रॅम तंतू आणि ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. लक्ष्मणफळात ६६ कॅलरी, १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, ३.३ ग्रॅम तंतू आणि २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. पोटॅशियम लक्ष्मणफळात थोडं जास्त, २८० मिलिग्रॅमच्या घरात, सीताफळात २५० च्या. म्हणजे साखर सीताफळात जास्त हे दुकानदाराचं खरं. पण तंतू आणि क जीवनसत्त्व दोन्ही सीताफळातच जास्त आहे. दहापट काय आहे? भाव. आमच्याकडे हंगामात सकाळी बाजारात पाटीच्या पाटी जाते तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते ऐकलंत तर लक्ष्मणफळ परत करायला जाल.

आणि तुम्ही आणलंय ते लक्ष्मणफळच आहे ना, तेवढं बघून घ्या. पुण्यात ह्याच फळाला कोणी हनुमानफळ म्हणतं, कोणी आणखी काही. हिरवंगार, अंगावर मऊ वाकडे काटे, एकेक फळ किलोच्या पुढे, आत पांढरा, दोऱ्या-दोऱ्यांचा आंबटगोड गर, ते लक्ष्मणफळ. रामफळ वेगळं, ते गुळगुळीत, तांबूस, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला येतं. नावं आपण रामायणातली ठेवली, पण ही तिन्ही फळं मूळची अमेरिका खंडातली. त्यामुळे अमुक आपलं आणि तमुक परदेशी हा वाद मी घालणार नाही. माझा वाद वेगळा आहे आणि तो माझ्या दाजींशी आहे.

२०१८ साली गणपतीच्या आधी आईच्या छातीत गाठ सापडली. ऑपरेशन झालं, मग किमोच्या आठ फेऱ्या ठरल्या. पहिल्या चार फेऱ्यांत लाल रंगाचं औषध असतं, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना लगेच कळेल. ॲड्रियामायसिन. नळीतून ते लाल पाणी उतरताना आई तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलं की लक्ष्मणफळ हे किमोपेक्षा दहा हजार पटीने प्रभावी आहे, औषध कंपन्यांनी ही गोष्ट दाबून ठेवली आहे, पुढे पाठवा. तो मेसेज तुम्हीही पाहिला असेल. त्यातले दहा हजार पट कशाच्या, तर ह्याच लाल औषधाच्या. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ह्या झाडातून वेगळं काढलेलं एक द्रव्य टाकून बघितलं होतं, त्यातून हा आकडा निघाला आणि जगभर फिरत राहिला. बशीतल्या पेशी मारणं फार अवघड नसतं, ब्लीचिंग पावडरनेही मरतात. माणसांवर रीतसर चाचणी होऊन लक्ष्मणफळाने कर्करोग बरा झाला, असा पुरावा आजतागायत नाही.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि आई घाबरलेली होती. दाजी दौंडकडचे, बागायतदार, बोलायला ठाम. रविवारी स्वतः गाडी काढून आले, पाल्याची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "आई, चार पानं, दोन पेले पाणी, निम्मं होईस्तोवर उकळायचं आणि उपाशीपोटी घ्यायचं. डॉक्टरला सांगायची गरज नाही, त्यांना ह्यातलं काय कळतंय." ताई शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. जावयाचा मान मध्ये आला आणि आम्ही सगळे गप्प बसलो. ह्याचा राग मला दाजींपेक्षा माझाच जास्त आहे.

आईला रक्तदाबाची गोळी होती आणि साखरेचीही. काढा सुरू झाल्यावर दहाव्या-अकराव्या दिवशी पहाटे तिला न्हाणीघरात चक्कर आली आणि ती पडली. मनगट मोडलं. पुढची किमो आठवडाभर लांबली. डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी काही घेता का? आई छताकडे बघत राहिली. शेवटी मी सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी काढा बंद म्हणून कागदावर लिहिलं आणि समजावलं, की ह्या पाल्याने रक्तदाब आणि साखर दोन्ही उतरू शकतात, आधीच गोळ्या चालू असतील तर दुहेरी उतरतात, आणि किमो चालू असताना पोटात काय काय जातंय ते मला कळलंच पाहिजे.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की चक्कर काढ्यामुळेच आली असं कोणी सिद्ध केलेलं नाही. किमोतला माणूस तसाही अशक्त असतो, जेवण जात नाही. पण काढा थांबल्यावर पुन्हा ती पडली नाही, एवढं मी पाहिलं.

दाजींना कोणी सांगितलं नाही. ते दर पंधरा दिवसांनी पाला पाठवत राहिले, आई फोनवर "हो हो, घेते की" म्हणत राहिली, आणि पाला उकळून, गार करून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत राहिली. उकळायची कशाला, विचारलं तर म्हणाली, घरात वास यायला पाहिजे ना, ताई अचानक आली तर!

आई आज ७१ वर्षांची आहे. सगळ्या फेऱ्या झाल्या, रेडिएशन झालं, पाच वर्षं रोजची गोळी झाली. आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात दाजी तिच्याकडे बोट दाखवून चार लोकांना सांगतात, "ह्या बघा, लक्ष्मणफळावर बऱ्या झाल्या." शेतात त्यांनी तीस झाडं लावलीत. वाळवलेला पाला पुड्यांतून विकतात. आई मान डोलावते. कढीपत्त्याचं काय झालं विचाराल तर तो मस्त आहे, त्यालाही कॅन्सर झालेला नाही.

आता सुरक्षिततेचं, म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न. ह्या कुळातल्या झाडांत एसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. पेशीतलं ऊर्जा तयार करायचं यंत्र ती अडवतात. कीड मरते ती त्यानेच, आणि बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या त्याही त्यानेच. लक्ष्मणफळातलं मुख्य द्रव्य ॲनोनासिन. कॅरिबियन समुद्रात ग्वाडलूप नावाचं बेट आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं. तिथे पार्किन्सनसारखा, म्हणजे हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा जो मेंदूचा आजार असतो तसा, पण नेहमीचा नसलेला आजार खूप जणांत दिसत होता. तोल जातो, माणूस लवकर पडायला लागतो, आणि पार्किन्सनवर जे औषध हमखास लागू पडतं ते लेव्होडोपा ह्यांना फारसं लागू पडत नाही. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ह्यावर लेख आला. ही माणसं लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा चहा नेमाने घेणारी होती. पुढे उंदरांच्या रक्तात ॲनोनासिन सोडून पाहिलं तर मेंदूत तशाच जागी इजा दिसली. ह्यावरून माणसाला आजार फळानेच झाला असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि उंदराला शिरेतून दिलेलं आणि आपण चमच्याने खाल्लेलं सारखं नसतं. पण रोज आणि वर्षानुवर्षं खाण्याचा हट्ट करायला ह्याच्यापेक्षा सरळ फळं भरपूर आहेत.

ह्यात एक गोष्ट दाजींच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. मोजणी झाली तेव्हा एका मध्यम फळात ॲनोनासिन सुमारे १५ मिलिग्रॅम भरलं, डबाबंद रसाच्या एका कॅनमध्ये ३६, आणि पानांच्या एका कप काढ्यात मिलिग्रॅमच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढं. म्हणजे ह्या एका द्रव्यापुरतं बोलायचं तर दाजींचा काढा तुमच्या दुकानदाराच्या "रोज एक फळ" ह्या सल्ल्यापेक्षा कितीतरी सौम्य. रक्तदाब उतरायचा धोका मात्र काढ्यातही आहेच.

आणि सीताफळ काय धुतल्या तांदळाचं आहे का? नाही. त्याच्या बिया विषारी आहेत. लहानपणी ताईच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा आजीने सीताफळाच्या बिया वाटून खोबरेल तेलातून लावल्या. गावात सगळेच लावायचे. उवा गेल्या, पण अंघोळीला तेल डोळ्यात उतरलं आणि पोर दोन दिवस डोळे उघडेना. लाल भडक, पाणी चालू, उजेड सहन होईना. नंतर कळलं की ह्याने बुबुळाला जखम होते आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे असे पेशंट नेहमी येतात. तेव्हा हा उपाय कोणी सुचवला तर हात जोडा. बी चुकून अख्खी गिळली तर घाबरू नका, कवच कठीण असतं, तशीच बाहेर पडते. चावायची नाही आणि मिक्सरमध्ये तर अजिबात जाऊ द्यायची नाही. मिल्कशेक करणारे निम्मे लोक इथेच चुकतात. लक्ष्मणफळाच्या बियांनाही हेच लागू. आणि पाल्याबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या डोंगरावर शेळ्या बाभळीचा काटा सोडत नाहीत पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून तर ते झाड कुंपण नसताना बांधावर टिकलं. दाजींना हे मी एकदा बोललो होतो. ते म्हणाले, "शेळीला कॅन्सर होतो का?" ह्यावर काय बोलणार.

सीताफळ मधुमेहींनी खावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी विचारेलच. छोटं फळ असेल तर एक, मोठं असेल तर अर्धं, जेवणावर नाही, मधल्या वेळेला. हल्लीची एनएमके गोल्डन ही सीताफळाची जात घ्याल तर त्यात बिया कमी, गर भरपूर, त्यामुळे एक म्हणता म्हणता दोघांचं खाऊन होतं. आमचं डोंगरावरचं बिनपाण्याचं फळ बारकं असतं, बियाच जास्त, म्हणून आपोआप बेताने खाल्लं जातं. चव मात्र त्याच्यासारखी कुठल्याच जातीला नाही, हे जाधववाडीच्या सीताफळ संशोधन केंद्रात जाऊनही मी म्हणेन. सालीवरचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेषा पांढरट-पिवळ्या पडलेलं फळ घ्या, दोन दिवस तांदळात ठेवा. किडनीचा त्रास असेल आणि पोटॅशियम सांभाळायला सांगितलं असेल तर दोन्ही फळं विचारूनच.

आणि हो, एसिटोजेनिनं सीताफळातही आहेत, कूळ एकच ना. फरक इतकाच की सीताफळ श्रावणात येतं आणि दिवाळीनंतर संपतं, वर्षातले आठ महिने ते आपल्याला सुट्टी देतं. आता गोठवलेला गर बारा महिने मिळायला लागलाय, तो रोज खाणाऱ्यांना मी तेच सांगेन जे तुम्हाला लक्ष्मणफळाबद्दल सांगतोय. वर्षातून चार-सहा वेळा हौसेने लक्ष्मणफळ खायला कोणाचीच ना नाही. मीही खाल्लंय, दाजींच्याच शेतातलं. चांगलं लागतं.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमचा प्रश्न पुन्हा वाचला आणि शेवटची ओळ आता दिसली. "बाबा ७४ वर्षांचे आहेत, हात थरथरतो म्हणून गोळ्या चालू आहेत, त्यांनाही दिलं तर चालेल ना?"

नाही. त्यांना देऊ नका. फळ नको, रस नको, पाल्याचा चहा नको. आधीच दिलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण किती दिवस आणि किती दिलं हे त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी नाही, आजच फोन करून सांगा. लाजू नका, आम्ही लाजलो होतो. दुकानदार कापलेलं फळ परत घेणार नाही, ते ४८० रुपये गेले समजा.