घरच्या सर्व्हरसाठी सुटे भाग कोणते घ्यावेत?

प्रश्न : कौटुंबिक छायाचित्रे, आमच्या पर्यटक निवासाची कागदपत्रे आणि सीसीटीव्हीचे चित्रण एकत्र साठवता यावे, शिवाय टीव्हीवर चित्रपटही पाहता यावेत, असा सर्व्हर घरीच जुळवायचा आहे. भाग कसे निवडावेत? – एक वाचक, मालवण

उत्तर : महागड्या प्रोसेसरची गरज नाही. इंटेलचा ६ वॅटचा एन१०० आणि १६ जीबी मेमरी या कामांना पुरते. मात्र मदरबोर्डवर किमान चार साटा जोडण्या (डिस्क जोडायच्या जागा) असाव्यात, कारण पुढे डिस्क वाढवताना अडचण तिथेच येते.

खरा विचार डिस्कचा करावा. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या डिस्क स्वस्त पडतात, पण बिघडलेली डिस्क बदलून माहिती पुन्हा उभी करताना त्या फार मंदावतात. म्हणून सीएमआर पद्धतीच्या (पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणाऱ्या), सतत चालण्यासाठी बनवलेल्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती लिहिली जाईल अशा रीतीने, जोडाव्यात. ८ टीबीच्या दोन डिस्कमधून वापरायला ८ टीबीच मिळते, आणि चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते, त्यामुळे एक वेगळी प्रत, शक्यतो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे, ठेवावीच. सीसीटीव्हीसाठी स्वतंत्र डिस्क बरी.

मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या जोडण्या गंजतात. पेटी समुद्राकडच्या खिडकीपासून दूर ठेवावी आणि पावसाळ्यात सर्व्हर बंद ठेवू नये, कारण आतल्या उबेमुळे ओल धरत नाही. पेटीच्या दिखाव्यावरचा खर्च माझ्या मते वायाच. तो यूपीएसवर करावा, पण यूएसबीने जोडता येणारा, म्हणजे वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होईल, असाच घ्यावा.