रोजचं ऑफिस आणि अधूनमधून गाव: १.० टर्बो पेट्रोल घरच्या गाडीला बरी पडते का?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, रोज हिंजवडीला ऑफिस, वर्षातून तीन-चारदा रत्नागिरीकडे गावी जाणं, आणि मन मारुती फ्रॉन्क्सच्या १.० लिटर टर्बोवर बसलंय. मेव्हणे मात्र म्हणतात, एवढंसं इंजिन घरच्या गाडीला पुरणार नाही.

पुरतं. मी स्वतः पुण्यात एक लिटरचीच टर्बो पेट्रोल चालवतो, ताकदीची काळजी करू नका. इंजिन लहान ठेवण्यामागे कराचंही गणित आहे: पेट्रोल गाडी १२०० सीसीच्या आणि चार मीटर लांबीच्या आत बसली तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० (सप्टेंबर २०२५ पासून). व्हेन्यू, नेक्सॉन यांची टर्बो पेट्रोल इंजिनंही याच मर्यादेत आहेत. मेव्हण्यांना हे जरूर सांगा.

फ्रॉन्क्समध्ये साधं (बिनटर्बो) १.२ लिटर आणि १.० टर्बो अशी दोन्ही इंजिनं मिळतात, त्यामुळे तुलना सोपी आहे. साध्या १.२ चा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ११३ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे). टर्बोचा १४८ च्या आसपास आणि २००० आरपीएमलाच हाताशी. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून हे जमतं.

याचा खरा उपयोग घाटात. गावाहून परतताना माणगावकडून ताम्हिणी चढताय, गाडीत पाच जण, डिकीत नारळ-फणस, एसी चालू. साधं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडवत न्यावं लागतं आणि पुढे डंपर लागला की मुकाट त्याच्या मागे राहावं लागतं. टर्बो तोच चढ तिसऱ्यात, एसी बंद न करता काढते. समोर मोकळा रस्ता दिसला की ओव्हरटेक चटकन उरकतो. घरची माणसं गाडीत असताना मला याचं फार मोल वाटतं.

आता हिंजवडी. संध्याकाळी तिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाते कुठे? आरपीएम हजार ते दीड हजार, म्हणजे टर्बो अजून जागाच झालेला नसतो. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्यात उतरून पाय दाबलात की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम ओढ घेते आणि मागे बसलेल्यांना हिसका बसतो. मॅन्युअलमध्ये हे जास्त जाणवतं. टर्बोसोबतचा ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ते बरंच सांभाळून घेतो, म्हणून टर्बोच घ्यायची तर बजेट ताणून ऑटोमॅटिक घ्या.

ॲव्हरेज कागदावर सारखंच आहे, मॅन्युअल १.२ ला लिटरमागे २१.७९ किलोमीटर आणि टर्बोला २१.५. रस्त्यावर टर्बोचं ॲव्हरेज पायावर असतं. हायवेला छान देते, ट्रॅफिकमध्ये पटकन खाली येतं. सीएनजी फक्त १.२ मध्ये आहे.

ऑइलबद्दल मात्र कळकळीने सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला आणि किलोमीटर भरले नसले तरी वर्षाला बदला. ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी पडतात, इंजिन तासन्‌तास चालूच असतं. घाट चढून चहाला थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या. एकदम बंद केलं तर ऑइल फिरायचं थांबतं आणि तापलेल्या टर्बोतच करपतं.

तुमचा वापर मुख्यतः हिंजवडीच्या ट्रॅफिकचा, म्हणून तुमच्या जागी मी १.२ घेईन. गावी जाणं दर महिन्याचं असतं तर डोळे झाकून टर्बो ऑटोमॅटिक म्हटलं असतं. तरी बुकिंगआधी दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह घरच्या सगळ्यांना बसवून, एसी लावून, कात्रजच्या चढावर घ्या. शोरूमवाले सपाट रस्त्यावर एकच चक्कर मारून आणतात, तेवढ्यावर गाडी ठरवू नका.