वॉर्डातला स्कोअर नर्सच्या विचाराची जागा घेतो का?

नाही, पण विचाराला धार देतो. ब्रिटनमधलं न्यूज-२ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) घ्या, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का हे वेळीच सांगणारा गुणांचा तक्ता. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये न्यूज आणलं, 2017 मध्ये सुधारलं. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, वरून ऑक्सिजन चालू आहे का, रक्तदाब, नाडी, पेशंट पूर्ण शुद्धीत आहे का आणि ताप, या सगळ्यांचे गुण मिळून एक आकडा येतो.

समजा श्वास 22, नाडी 112, ताप 38.4 सेल्सिअस आणि बाकी सगळं ठीक. सुटं पाहिलं तर एकही आकडा घाबरवत नाही. बेरीज मात्र 5 होते, म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. रात्रपाळीत, हाताखाली बरेच पेशंट असताना, ही बेरीज मनात करत बसणं खरंच अवघड असतं.

पण ऑक्सिजन 90 टक्के असेल तर? एरवी त्याचे 3 गुण. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटसाठी गुणांची वेगळी मोजपट्टी आहे, तिथे शून्य. कोणती मोजपट्टी लावायची हे माणूसच ठरवतो. आणि स्कोअर कमी असूनही "आज यांचं काहीतरी बिनसलंय" असं नर्सला वाटलं, तर तिने डॉक्टरांना बोलवावंच. न्यूज-२ तिला अडवत नाही.