व्हेप घेऊन मोपावर उतरावं का?

प्रश्न : माझा भाचा चतुर्थीला लंडनहून घरी येतोय. त्याला व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, सवय आहे. मोपा विमानतळावर अडवतील का? मोठ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवला तर चालेल?
– एक मावशी, म्हापसा

उत्तर : मावशी, आजच फोन करून त्याला व्हेप तिथेच ठेवून यायला सांगा. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, वाहतूक, विक्री, साठा सगळंच बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मोठ्या बॅगेत तर मुळीच नको. आतली लिथियम बॅटरी चेपली किंवा बटण दाबलं गेलं तर पेट घेऊ शकते, आणि विमानाच्या पोटात ती विझवायला माणूस नसतो. म्हणून व्हेप चालतो त्या देशांतही तो चेक-इन सामानात घेत नाहीत, केबिनमध्ये जवळ ठेवायला लावतात. मी बरीच वर्षं दाबोळी विमानतळावर स्कॅनरसमोर बसलो आहे. मोज्यात गुंडाळा नाहीतर पेनांत मिसळा, बॅटरी पडद्यावर दिसतेच.

इथे आल्यावर तलफ येईल, ती काळजी खरी आहे. पण किनाऱ्यावर चोरून विकणाऱ्यांकडे त्याला फिरकू देऊ नका. फार्मसीत निकोटिनचा च्युइंगम मिळतो, डॉक्टरांना विचारून द्या. सवय सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.